शेवंती रात्र मोजते



मागच्या अंकातल्या गांडूळखताच्या पाठानंतर बऱ्याच गटांतून निरोप आला की आता फुलशेतीवर लिहा. फुलशेतीत लागवड, खत, फवारणी हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून आज वेगळा विषय घेते. झाडाला उजेड कसा कळतो आणि त्यावरून ते फुलायचं कधी ठरवतं, हा आजचा पाठ. विषय शाळेच्या पुस्तकातला वाटेल, पण आपल्या एका गटातल्या ताईचं यापायी गेल्या वर्षी नुकसान झालं, आणि तिच्या घरात नको ते बोलणंही झालं. त्यामुळे शेवटपर्यंत वाचा, आणि मासिक बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवा.

दादरच्या मंडईत काय कळलं

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, घटस्थापनेनंतर तीन दिवसांनी आपण काही जणी अभ्यास सहलीला मुंबईत गेलो होतो. दादर स्टेशनच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्गावर मीनाताई ठाकरे फूल मंडई आहे. पहाटे चारला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या गोणी, ॲस्टर, गुलछडी. परळ, लालबाग, गिरगावचे हारवाले तिथूनच माल नेतात. गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी हे त्यांचे कमाईचे दिवस, आणि आपलेही.

एका गाळ्यावरच्या दादांना आपल्या एका मावशींनी विचारलं, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माल आणला तर चालंल का?” ते हसले. म्हणाले, “मावशी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी या फुलाला मान आहे. दुसऱ्या दिवशी याला झाडूवाला उचलतो.” फूल चांगलं असून भागत नाही, ते तारखेला यावं लागतं, हे सगळ्यांना तिथेच पटलं.

शेजारच्या गाळ्यावर पुणे जिल्ह्यातले एक शेतकरी दादा माल उतरवत होते. लांब दांडीची, एकसारखी पांढरी शेवंती. इतकी एकसारखी कशी, असं विचारल्यावर ते सहज म्हणाले, “पॉलिहाऊसमधी रात्री बल्ब लावतो ना आम्ही.”

“लवकर फुलावी म्हणून?”

“नाही ताई. फुलू नये म्हणून.”

सगळ्या हसल्या. बल्ब लावायचे, विजेचं बिल भरायचं, ते फूल येऊ नये म्हणून! आपल्यातली एक ताई मात्र हसली नाही. ती गप्प झाली. परतीच्या गाडीत तिने मला विचारलं, “मॅडम, रस्त्याच्या दिव्यानंपण असं होत असंल का?”

त्या ताईची गोष्ट

नाव आणि गाव सांगत नाही. तिने गटातून अंतर्गत कर्ज घेऊन वीस गुंठे शेवंती लावली होती. रोपं एकाच ठिकाणची, खत एकच, पाणीही एकच. नवरात्र आलं तेव्हा बहुतेक ओळी रंगात आल्या होत्या. रस्त्याकडच्या ओळींना मात्र कळीसुद्धा नव्हती. झाडं उंच, हिरवीगार, तब्येतीने बाकीच्यांपेक्षा चांगली, पण वांझोटी. हा शब्द माझा नाही, तिच्या घरात वापरला गेलेला आहे, आणि तो फक्त झाडांसाठी वापरला गेला नाही.

आधी रोपवाटिकेला दोष दिला. मग युरिया जास्त झाला म्हणाले. मग नजर लागली. शेवटी बोट सुनेकडे वळलं. ती पाळीच्या दिवसांत त्या ओळींतून चालत गेली, म्हणून झाडं रुसली. तिला वावरात पाय ठेवायला बंदी झाली. ज्या सुनेने पावसात वाकून खुरपणी केली, ती फुलं तोडायच्या दिवसांत ओट्यावर बसून होती.

मुंबईहून आल्यावर मी आणि आपली कृषी सखी संध्याकाळी त्या वावरात गेलो. सूर्य मावळला, आणि रस्त्याच्या खांबावरचा नवा पांढरा एलईडी दिवा लागला. उन्हाळ्यातच बसवलेला. त्याचा उजेड नेमका जिथपर्यंत पोचत होता, तिथपर्यंत शेवंती हिरवी होती. पुढे अंधार, आणि अंधारात पिवळी फुलं. जणू कुणी दोरी धरून रेघ मारली होती.

का झालं असेल, हे आता पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: उजेड म्हणजे जेवण, आणि निरोपही

पानं उन्हात अन्न तयार करतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण झाड उजेडाचा आणखी एक उपयोग करतं. उजेडावरून ते अंदाज घेतं की आपण कुठे आहोत, आजूबाजूला काय आहे आणि ऋतू कोणता आहे.

घट आठवा. देवघराच्या कोपऱ्यात, जिथे ऊन येत नाही, तिथे पेरलेलं धान कसं वाढतं? पिवळं, नाजूक, भराभर उंच. तेच धान शेतात हिरवं आणि ठेंगणं असतं. अंधारात रोपाला वाटतं की आपण अजून मातीखालीच आहोत. म्हणून ते सगळी ताकद उंच होण्यात घालतं आणि हिरवा रंग करायचं मागे ठेवतं. उजेड दिसला की उंची आवरतं, पानं उघडतं, हिरवं होतं.

दुसरं उदाहरण. गिरगावच्या चाळींत गॅलरीच्या कठड्यावर तुळशीच्या कुंड्या दिसतात. सगळ्या तुळशी बाहेर रस्त्याकडे झुकलेल्या. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली छापलेल्या पुस्तकात याचा प्रयोग दिला आहे. त्यांनी गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकावर टोपी घातली, तर कोंब उजेडाकडे वळला नाही. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तर वळला. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वाकतो खालचा भाग. मधे निरोप जातो. पुढे कळलं की तो निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचं संप्रेरक. ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू जास्त लांबते, आणि रोप उजेडाकडे झुकतं.

दुसरी पायरी: झाड कॅलेंडर कसं वाचतं

अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अलार्ड नावाचे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तंबाखूचं एक वाण होतं. उन्हाळ्यात ते माणसापेक्षा उंच वाढायचं, पण फुलायचं नाही. तेच थंडीत काचघरात लहान असतानाही फुलायचं. त्यांनी थंडी-उष्णता, खत, पाणी सगळं तपासून पाहिलं. शेवटी भर उन्हाळ्यात काही रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, म्हणजे रोपांचा दिवस लहान केला. ती रोपं उन्हाळ्यातही फुलली. १९२० साली त्यांनी हे जगाला सांगितलं. झाड दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतं.

यात थोडी दुरुस्ती १९३८ साली झाली. हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. हो, तेच, ज्याची काटेरी फळं बांधावरून जाताना लुगड्याला चिकटतात. दिवसा मधेच थोडा वेळ अंधार केला तर शंकेश्वराला काही फरक पडला नाही. पण रात्री मधेच थोडा वेळ उजेड दाखवला, तर ते फुललंच नाही. म्हणजे झाड दिवस नाही, रात्र मोजतं. आणि ती रात्र सलग लागते.

आपल्यापैकी अनेकींचे आजोबा, सासरे परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी दोनदा उठवलं तर तो म्हणायचा, “झोपच झाली नाही.” तास मोजले तर भरलेले असायचे, पण तुकड्यांची झोप ती झोप नव्हे. शेवंतीचंही तसंच. मध्यरात्री उजेड पडला की तिच्या हिशेबात एक मोठी रात्र राहत नाही, दोन लहान रात्री होतात. आणि लहान रात्र म्हणजे उन्हाळा, म्हणजे अजून वाढायचे दिवस, फुलायचे नव्हेत.

तिसरी पायरी: पानातलं बटण

झाडाला डोळे नाहीत, मग उजेड दिसतो कशाने? पानात फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं. त्याला बटण समजा. लाल उजेड पडला की बटण चालू. लालच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा गडद लाल उजेड पडला की बंद. सूर्यप्रकाशात लाल भरपूर असतो, म्हणून दिवसभर बटण चालू असतं. रात्री अंधारात ते हळूहळू बंद होत जातं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली सॅलडच्या पानांच्या, म्हणजे लेट्यूसच्या बियांवर हे दाखवलं. लाल उजेड दाखवला तर बी उगवलं, नंतर गडद लाल दाखवला तर थांबलं, परत लाल दाखवला तर उगवलं. शेवटचा उजेड कोणता, यावर सगळं ठरत होतं.

या बटणाच्या जोडीला झाडाच्या आत एक घड्याळही असतं. ते पाहायचं असेल तर दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचे पर्जन्यवृक्ष संध्याकाळी बघा. तिन्हीसांजेला त्यांची पानं मिटतात, सकाळी उघडतात. सहलीच्या दिवशी गाडी पकडायच्या आधी आपण ते पाहिलं. घड्याळ सांगतं की आता किती वाजले, बटण सांगतं की आत्ता उजेड आहे की अंधार. दोघांचा मेळ घालून झाड रात्र मोजतं.

आणि हो, रात्र मोजतं पान, पण फूल येतं शेंड्याला. सोव्हिएत रशियातल्या चैलाख्यान नावाच्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच हे दाखवलं. खालच्या पानांना मोठी रात्र दिली तरी वरचा शेंडा फुलला. पानाकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो, असं म्हणून त्यांनी त्याला फ्लोरिजेन नाव दिलं. तो निरोप म्हणजे एक बारीकसं प्रथिन आहे, हे पक्कं व्हायला २००७ साल उजाडलं.

तेव्हा त्या ताईच्या शेवंतीचं कोडं सुटलं. खांबावरचा दिवा रात्रभर पानांवर पडत होता, बटण चालूच राहत होतं, शेंड्याला निरोप जातच नव्हता. यासाठी फार प्रखर दिवा लागतो असंही नाही. ज्या उजेडात अक्षर वाचता येतं, तेवढा उजेड शेवंतीला पुरतो.

पाळीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पाळी आलेली बाई वावरातून गेल्याने झाडाच्या बटणाला काही होत नाही. झाडाला फक्त उजेड कळतो.

कोणत्या पिकाला रात्र लागते

आपल्या रोजच्या पिकांचे तीन गट लक्षात ठेवा.

एक, मोठी रात्र झाली की फुलणारी: शेवंती, सोयाबीन, तूर, वाल-पावटा, कोकणातल्या भाताचे जुने गरवे वाण. मोठ्या फुलाचा झेंडूही थोडा या बाजूचा, पण तो शेवंतीइतका हट्टी नाही. रात्र लहान असली तरी उशिरा का होईना, फुलतो. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं वावर पिवळं पडलं तरी हिरवंच राहतं, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल. त्याचं कारण हेच.

दोन, रात्र लहान झाली की फुलणारी: गहू, मुळा. ड्रॅगन फ्रूटही यातलंच. म्हणून काही शेतकरी थंडीत त्याच्या बागेत रात्री दिवे लावतात, आणि तिथे दिव्यामुळे फूल येतं. शेवंतीच्या अगदी उलट. त्यामुळे “शेजारच्याने बल्ब लावले म्हणून मीही लावते” असं कधीही करू नका. आधी पीक कोणत्या गटातलं ते विचारा.

तीन, रात्रीशी फारसं देणंघेणं नसलेली: टोमॅटो, काकडी, गुलाब.

कांद्याचंही एक सांगून ठेवते. कांदा पोसायला लागतो तोही दिवसाच्या लांबीवर. थंड देशांतल्या वाणांना गड्डा धरायला फार मोठा दिवस लागतो, तेवढा आपल्याकडे होतच नाही. तिथलं बी इथे पेरलं तर पात मिळते, कांदा मिळत नाही. अनोळखी बी स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका.

सण चंद्रावर, फूल सूर्यावर

आता पैशाची गोष्ट. मुंबईच्या आसपास २१ जूनला दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, म्हणजे रात्र पावणेअकरा तासांची. डिसेंबरच्या शेवटी दिवस अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची. जूननंतर रात्र रोज थोडी थोडी वाढते, आणि ती दर वर्षी त्याच तारखांना तेवढीच वाढते. सूर्य चुकत नाही.

आपले सण मात्र चंद्राच्या तिथीवर. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, २०२५ साली २ ऑक्टोबरला. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे. उघड्यावरची शेवंती दसरा बघून फुलत नाही, रात्र बघून फुलते. गेल्या वर्षी दसरा लवकर आला, म्हणून त्या ताईच्या चांगल्या ओळींचंही निम्मंच फूल दसऱ्याला मिळालं. तिने काही चुकवलं नव्हतं. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसला नव्हता.

पॉलिहाऊसवाले हा मेळ हाताने बसवतात. लागवडीनंतर तीन-चार आठवडे रात्री साधारण दहा ते दोन बल्ब लावून ठेवतात. त्यामुळे रोप फुलत नाही, दांडी लांब होते. मग बल्ब बंद करून संध्याकाळी सहा ते सकाळी सात वाफ्यावर काळं कापड ओढतात, म्हणजे तेरा तासांची रात्र. कळ्यांवर रंग दिसेपर्यंत रोज. मोठी रात्र सुरू झाल्यापासून वाणाप्रमाणे साधारण आठ ते दहा आठवड्यांत फूल येतं.

बैठकीत हा हिशेब करून पाहा. समजा आपल्या वाणाला नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस लागतात. यंदा फूल १८ ऑक्टोबरला तोडलं तर १९ तारखेच्या पहाटे दादरला पोचेल. १८ ऑक्टोबरच्या ६३ दिवस मागे गेलं की १६ ऑगस्ट येतो. काळं कापड त्या दिवशी सुरू करायचं. गेल्या वर्षीसाठी हीच तारीख २९ जुलै होती. आता दिवाळीसाठी तुम्ही काढा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे.

आपल्याला काय परवडतं

पॉलिहाऊस सगळ्यांना जमणार नाही. पण एवढं करता येईल:

१. लागवडीआधी रात्री नऊ वाजता वावरात एक फेरी मारा. रस्त्याचा दिवा, अंगणातला बल्ब, शेजारच्या गोठ्याचा हॅलोजन, मंदिरावरची रोषणाई, कशाकशाचा उजेड पडतो ते पाहा. जिथे आपली सावली स्पष्ट दिसते किंवा अक्षर वाचता येतं, तिथे शेवंती, सोयाबीन, तूर लावू नका. तिथे टोमॅटो, काकडी, गुलाब लावा.

२. दिवा काढायला सांगू नका. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या रस्त्यावरून मुली क्लासवरून येतात, बायका रात्री येतात-जातात. तो दिवा आपल्याच गटांनी ग्रामसभेत मागून घेतला होता. शेताकडच्या बाजूला पत्र्याची आडोशी लावून उजेड रस्त्यावरच पडेल असं करता येतं. तसा अर्ज गटाच्या सहीने ग्रामपंचायतीत द्या. स्वतः खांबावर चढू नका, कुणाला चढवूही नका.

३. काळं कापड आधी एकाच वाफ्यावर करून पाहा. बांबूच्या कमानी आणि जाड काळं कापड. दिवसाढवळ्या झाकू नका, आत उकाडा होतो आणि उकाड्याने फूल उलट लांबतं. ऊन उतरल्यावर झाका, सकाळी वेळेवर काढा. एक दिवस चालढकल झाली तर चालेल, रोज झाली तर मेहनत वाया. म्हणून दोघींनी पाळी लावून घ्या.

४. बल्ब लावायचे असतील तर खर्च आधी काढा. ९ वॅटचे १० बल्ब म्हणजे ९० वॅट. रोज ४ तास म्हणजे ३६० वॅट-तास, म्हणजे ०.३६ युनिट. ३० रात्रींचे १०.८ युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. वायरिंग मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. ओलं वावर आणि उघडी वायर हा जिवाचा खेळ आहे.

५. आपल्या वाणाला किती आठवडे लागतात, हे रोपं घेतानाच विचारा. नाही सांगितलं तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मिळालेलं उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

घरी करून पाहायचा प्रयोग

तीन वाट्यांत ओली माती घेऊन मूग पेरा. एक अंगणात ठेवा. एक पूर्ण बंद खोक्यात. तिसरी अशा खोक्यात, ज्याला एका बाजूला रुपयाएवढं भोक आहे. पाणी सारखंच द्या. पाच-सहा दिवसांनी तिन्ही वाट्या बैठकीत आणा. एकीत हिरवं ठेंगणं रोप, एकीत पिवळं लांब, एकीत भोकाकडे वळलेलं दिसेल. मुलांना दाखवा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही चालेल.

झाडावर रात्रभर दिवा हा फक्त गावाचा प्रश्न नाही. मुंबईत सणासुदीला आणि सुशोभीकरण म्हणून झाडांच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळतात. २०२४ साली हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या मंदिरासमोरच्या वडा-पिंपळावर महिनाभर माळा राहत असतील तर सण झाल्यावर त्या उतरवायला सांगा.

पुढे काय झालं

त्या ताईने मी सांगितलं म्हणून मानलं नाही, आणि ते बरं केलं. तिने स्वतः पाहायचं ठरवलं. दिव्याखालच्या हिरव्या ओळींतली दहा झाडं निवडली. रोज संध्याकाळी त्यावर कमान करून काळं कापड टाकायचं, सकाळी काढायचं. शेजारची झाडं तशीच उघडी. हे काम कुणी करायचं? सुनेने. ताईनेच तिला वावरात बोलावलं. सासरे काही बोलले नाहीत, फक्त रोज येऊन बघून जायचे.

महिन्याभरात झाकलेल्या झाडांना कळ्या दिसल्या. शेजारच्या उघड्या झाडांना नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारपर्यंत त्या दहा झाडांवर पिवळी फुलं होती. महिन्याचे सगळे दिवस सुनेने झाकणं-काढणं सोडलं नव्हतं, पाळीचे चार दिवससुद्धा. ते कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या नाही. ताईच्या आलं. फुलांची पहिली पाटी तिने सुनेच्या हाती देऊन गटातल्या पूजेला पाठवली.

दहा झाडांच्या फुलांनी कर्ज फिटत नाही. गटाने बैठकीत ठराव करून तिच्या हप्त्यांची मुदत वाढवून दिली. यंदा तिने रस्त्याकडच्या ओळींत टोमॅटो घेतले आहेत आणि आतल्या वाफ्यांत शेवंती. १६ ऑगस्ट ही तारीख तिच्या घरातल्या कॅलेंडरवर सुनेने पेनाने गोल करून ठेवली आहे.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावात रात्री कोणत्या वावरावर उजेड पडतो? तिथे काय पेरलं आहे?
• दिवाळीसाठी काळं कापड कोणत्या तारखेला सुरू करावं लागेल? सगळ्यांचं उत्तर एकच येतंय का?
• शेतात काही बिघडलं की आपल्या घरात आधी कुणाकडे बोट जातं? ते खरं कारण आहे का, हे तपासायला दहा झाडांचा प्रयोग कसा करता येईल?

तुमची उत्तरं आणि मुगाच्या वाट्यांचे फोटो ग्रामसंघाच्या सचिवांकडे द्या. पुढच्या अंकात छापू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक